परत येण्याचा पुरावा

पहिल्यांदा व्हिसा नाकारला तेव्हा ताईने ते पत्र घडी करून शालीत खोचलं आणि मला म्हणाली, "निएवेस, भूक लागलीय गं." वकिलातीच्या खालच्या उतारावर एक बाई जांभळ्या मक्याचं गरम आपी विकते, तिच्याकडे आम्ही उभ्याउभ्याच प्यायलो. सोबत मिळालेल्या तळलेल्या पुरीतली फुगलेली हवा ताईने बोटाने हळूच फोडली. मीच आपली बडबडत होते. पत्रात लिहिलं होतं, अर्जदार परत येईल याची आम्हाला खात्री वाटत नाही. म्हणे खात्री वाटत नाही! आमच्या आईच्या जागेवर, त्याच खोक्यावर बसून जन्मभर बटाटे आणि वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो विकलेली ही बाई. बाजारातली कुत्रीसुद्धा हिला ओळखतात. ही कुठे पळून जाणार?

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पण ते मी कुणाला बोलले नाही.

ताईला इटलीतल्या बेर्गामोला जायचं होतं, कारण तिची मुलगी युलिसा तिथे आहे. एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला म्हणून गेली. दोन वर्षांत पैसे साठवून येते, वर दोन मजले चढवू, असं सांगून गेली होती. आमच्या एल आल्तो या उंचावरच्या गावात बाहेरून परत आलेल्यांची घरं लांबून ओळखू येतात. हिरवी, नारिंगी, वर आरसे लावलेली. ताईचं घर अजून मातीच्या विटांचंच आहे. युलिसा दर वर्षी म्हणते, पुढच्या वर्षी. पोरगी गेली तेव्हा विशीत होती, आता तिच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आल्यात, आणि त्या ताईने फक्त फोनवर पाहिल्यात. एकदा तिला हाताने चाचपून बघायचं, एवढंच ताईचं मागणं होतं.

वकिलातीच्या भिंतीला लागून लिंबेर्त मास्तर फोटोकॉपीचं यंत्र घेऊन बसतात. लोकांचे अर्ज भरून देतात, आणि सल्ला न मागताही देतात. त्यांनी आमची फाइल चाळली आणि जिभेने च्च केलं.

"बाई, तुम्ही चुन्यो विकता ना? बटाटा एका रात्रीत चुन्यो होतो का?"

"नाही हो मास्तर. थंडीत रात्रीरात्री बाहेर ठेवावा लागतो, पायांनी तुडवावा लागतो, मग उन्हात वाळवायचा."

"मग व्हिसा एका आठवड्यात कसा होईल? तुम्ही उसने पैसे आणून गेल्या आठवड्यात बँकेत टाकलेत. आंधळ्यालाही दिसतंय. आता पुढच्या वर्षीचा विचार करा, आणि सुरुवात आजपासून."

मी म्हटलं, "वर्षभर आधी? लग्नाची तयारीसुद्धा एवढी कुणी करत नाही."

"लग्नात परत येण्याचा पुरावा मागत नाहीत," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून ताई वेगळ्याच तंद्रीत राहायला लागली. जानेवारीत आलासीतासची जत्रा भरली, तेव्हा भर बाराच्या ठोक्याला मला गर्दीतून ओढत नेलं. वर्षभरात जे मिळावंसं वाटतं त्याची चिमुकली नक्कल तिथे घेतात. काडेपेटीएवढा पासपोर्ट, त्याहून छोटं विमानाचं तिकीट, आणि बोटाच्या पेरावर मावेल अशी चामड्याची पेटी. हे स्वतः विकत घ्यायचं नसतं, कुणीतरी द्यावं लागतं, म्हणून पैसे माझेच गेले. पुजाऱ्याने धूप फिरवला, दारूचे थेंब शिंपडले. धुरात ताई डोळे मिटून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करतेय. कान दिला तर म्हणत होती, "स्टेशनातून बाहेर, मग सरळ. सरळच जायचं."

युलिसा कामावर जाता-येता फोन लावायची आणि चालता चालता रस्ता दाखवायची. ताई आपल्या खोक्यावर बसून इथल्या पहाटे तिथलं ऊन बघायची. तो सगळा रस्ता तिने पाठ केला. स्टेशनापासून डोंगराकडे जाणारा रुंद सरळ रस्ता, मग दोरीने वर ओढला जाणारा डबा. "बघ ना, आपल्यासारखंच आहे," ती मला म्हणायची. "एक गाव खाली, एक गाव वर. आणि मध्ये तारेवरची गाडी." वरच्या गावात रात्री घंटा वाजायला लागली की वाजतच राहते म्हणे, संपतच नाही. पण युलिसाचं घर खालच्या गावात होतं, पिवळी भिंत, खाली पावाचं दुकान. घराच्या आत मात्र फोन कधी गेला नाही. दार आलं की युलिसा म्हणायची, "चल आई, ठेवते."

तयारी मात्र रीतसर चालली होती. दर शनिवारी ताई बँकेत जायची आणि थोडे थोडे पैसे भरायची. बाजाराच्या संघटनेकडून तिने जागेचा दाखला काढला. घराचे कागद अजून आमच्या मेलेल्या मेव्हण्यांच्या नावावर होते; ते बदलून घेताना तिने कचेरीतल्या कारकुनाला इतक्या वेळा चुन्यो नेऊन दिला की शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "बाई, बास. कागद घ्या, पण बटाटे आवरा."

मग मास्तर म्हणाले, पासपोर्ट कोरा आहे, तो दिसायला बरा नाही. जवळपासच्या देशात जाऊन या आणि परत या. परत आल्याचा शिक्का महत्त्वाचा. म्हणून ताई सीमेपलीकडच्या पुनोला गेली, तळ्यातला मासा खाल्ला आणि संध्याकाळी घरी. दुसऱ्या खेपेला मला घेऊन दुसऱ्या सीमेपलीकडे, आरिकाला गेली, समुद्रावर.

बसने रात्रभर डोंगर उतरून आम्ही पहाटे पोचलो. आम्हा वरच्या लोकांना खालची हवा घट्ट लागते, श्वास घ्यावा तर छातीत नको इतकी भरते. आम्ही दोघी घागरे सावरत वाळूत बसलो. समोर ते केवढंतरी पाणी. मला भीती वाटत होती, पण ताईने चपला काढून पाय पाण्यात सोडले आणि खुशाल बसून राहिली.

"इथूनच जायचं ना तिकडे?" तिने विचारलं.

"विमानाने जायचं असतं ताई. वरून."

"हो गं, पण खाली हेच असेल ना?"

"हा दुसरा समुद्र. तो वेगळा."

"पाणी कुठे वेगळं असतं," ती म्हणाली आणि ओंजळभर पाणी उचलून वासच घेत बसली. मग तिला डुलकी लागली. टोपी डोळ्यांवर, डोकं माझ्या खांद्यावर. किती वर्षांनी ती माझ्या खांद्यावर अशी झोपली होती. लाट येत होती, जात होती. मी हळूच म्हटलं, "ताई, तू परत नाही आलीस तर?" ती झोपेत होती की नव्हती, देव जाणे.

जूनमध्ये मास्तरांनी पुन्हा फाइल चाळली. सगळं ठीक होतं, तरी त्यांची मान हलेना.

"नवरा?"

"वारले."

"लहान मुलं?"

"मुलगी तिकडेच आहे."

"नोकरी तर नाही. मग सांगा बाई, तुम्हाला इथे बांधून ठेवणारं काय आहे?"

मी पुढे होऊन म्हणणार होते, मी आहे की! पण बहीण हा काही पुरावा होत नाही. मास्तरांनी तसं तोंडावर सांगितलंही. मला त्यांचा असा राग आला की फोटोकॉपीचे पैसे मी सुटे न देता मोठी नोट दिली.

ताईने महिनाभर काहीच केलं नाही. नुसती विचारात. आणि मग सोळा जुलैला, कार्मेन मातेच्या उत्सवात, तिने गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन पुढच्या वर्षीचं यजमानपद मागितलं.

आमच्याकडे यजमानपद घेतलं की संपलं. मातेसमोर, सगळ्या गल्लीसमोर पट्टा खांद्यावर पडतो. वर्षभराने बँड आणायचा, नाचणाऱ्यांना जेवायला घालायचं, मूर्ती घरात ठेवायची. यजमानपद घेऊन जो पळाला त्याचं नाव त्याची नातवंडंसुद्धा सांगत नाहीत. ताईचं डोकं बरोबर चाललं होतं, यापेक्षा मोठा पुरावा एल आल्तोत कुणाकडे नाही. खर्चाचं म्हणाल तर गल्ली वाटून घेते. एक बियर आणतो, एक वाजंत्री. पण यजमान जोडीने लागतात. विधवा असेल तर सोबत भाऊ, बहीण, लेक, कुणीतरी.

ताईने आठवडाभर आधी सांगितलं तेव्हाच दुसरं नाव माझं, हे मी गृहीतच धरलं होतं. आता काय लपवायचं, मी नवा घागरासुद्धा शिवायला घेतला होता. माझा धंदाच घागऱ्यांचा. बाहेरच्यांसाठी शिवते तेव्हा टाके मोजत नाही, पण स्वतःसाठी मखमल आणली, मोरपंखी. मी पुढे सरकून उभी राहिले. आणि लाउडस्पीकरवर नाव पुकारलं: "पुढच्या वर्षीच्या यजमान, तेओदोसिया तिकोना आणि त्यांची कन्या युलिसा!"

टाळ्या, फटाके, कागदाचे कपटे. ताईच्या खांद्यावर पट्टा पडला, दुसरा पट्टा तिने आपल्या हातावर घेतला. मला जवळ बोलावून म्हणाली, "फोटो काढ ना गं, वकिलातीसाठी." मी काढला. पहिला हललेला आला, म्हणून दुसरा काढला.

गल्लीतल्या कुणा कार्ट्याने तो सगळा सोहळा फोनवर टाकला. दुसऱ्या दिवशी युलिसाचा फोन आला. ताई बाजारात, मी शेजारीच.

"आई, मला विचारलंस?"

"अगं, तुझं नाव मोठं झालं. सगळे टाळ्या वाजवत होते."

"माझं नाव कशाला मोठं केलंस? मी काय घेऊन येऊ तिथे? लोक माझ्या कानातलं बघतील, अंगठ्या मोजतील. विचारतील, इतकी वर्षं केलंस काय? काय सांगू मी?"

"काही सांगू नकोस. नुसती ये."

"मी येणार नाही. आणि तूही येऊ नकोस. व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र मी पाठवणार नाही, सांगून ठेवते."

फोन बंद झाला. एक गिऱ्हाईक समोर उभं होतं. ताईने त्याला बटाटे तोलून दिले, वर दोन जास्तीचे टाकले. मग माझ्याकडे बघितलं. मला तिची अशी दया आली, आणि माझ्या मनातला घागऱ्याचा राग अजून गेला नव्हता म्हणून मी म्हटलं, "मग? माझं नाव दिलं असतंस तर?"

"तुझं नाव दिलं असतं तर तू आलीच असतीस," ताई म्हणाली. "जी येत नाही तिचंच नाव द्यायचं असतं."

त्यानंतर युलिसाने फोन केला नाही. आम्ही केला तर उचलला नाही. मला वाटलं, गेला व्हिसा, गेली वर्षभराची मेहनत. मी मास्तरांकडे जाऊन चार शब्द सुनावले. सगळ्याचं मूळ त्यांचाच तो प्रश्न होता. ते बिचारे ऐकून घेत म्हणाले, "पत्र नसेल तर नसू दे. व्हिसा पर्यटकाचा आहे ना? मग पर्यटक व्हायचं. हॉटेल घ्यायचं, गाव बघायचं, परत यायचं."

ताईने हॉटेल घेतलं. वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख लवकरची मागितली होती, पण मिळाली फेब्रुवारीतली. मधल्या महिन्यांत फोनवर रस्ता दिसत नव्हता, तर ही बाई आपल्या चादरीवर बटाट्यांचा रस्ता मांडायची. लांबट बटाटे म्हणजे स्टेशन, काळा चुन्यो म्हणजे डोंगर, आणि एक पिवळा, गोल बटाटा कडेला. गिऱ्हाईकाने तो पिवळा उचलला की म्हणायची, "तो नको रे बाबा, दुसरा घे." दुपारच्या उन्हात ती त्या बटाट्यांकडे बघत बसायची आणि मध्येच हसायची. बाजारातल्या बायका मला विचारायच्या, "तुझ्या ताईला बरं नाही का?" मी सांगायचे, "ती इथे नाहीये. संध्याकाळी येईल."

मुलाखतीला मला आत सोडलं, कारण ताईला एका कानाने कमी ऐकू येतं. काचेपलीकडची बाई चष्मेवाली होती, तरुण, दमलेली. आमची फाइल तिने सावकाश उलटली. बँक, दाखला, घराचे कागद, शिक्के. मग विचारलं, "बेर्गामोच का? लोक रोमला जातात, व्हेनिसला जातात."

आणि ताई बोलायला लागली. स्टेशनातून बाहेर, मग सरळ. झाडं कुठे सुरू होतात, फुटपाथ कुठे खचलाय, कोणत्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, दोरीचा डबा कुठून सुटतो. सकाळी कोणती बाई कुत्रा घेऊन येते. ऊन कोणत्या भिंतीवर आधी पडतं. काचेपलीकडची बाई लिहायची थांबली. ताई डोळे अर्धे मिटून चालतच होती, आणि मी मनात म्हणत होते, आता थांब, ताई, आता थांब. पण ती पिवळ्या भिंतीपर्यंत पोचली.

"तिथे काय आहे?" बाईने विचारलं.

"माझी मुलगी राहते."

झालं! मी कपाळाला हात लावला.

"मग तिचं निमंत्रण कुठे आहे?"

"नाही दिलं. रागावलीय. मी न विचारता तिचं नाव यजमानपदाला दिलं." आणि ताईने फोटो काचेच्या फटीतून आत सरकवला, पट्टा घातलेला, कागदाच्या कपट्यांतला.

बाईने फोटो उलटसुलट करून बघितला. "याचा अर्थ काय?"

मला राहवलं नाही. "अर्थ असा की, बाईसाहेब, जुलैत ही इथे नसेल तर गल्ली हिचं नाव टाकेल. आणि मी, सख्खी बहीण, मीसुद्धा हिला दारात उभी करणार नाही. घ्या लिहून!"

ताईने माझ्या दंडावर हात ठेवला. "चिडू नकोस गं," ती म्हणाली, आणि काचेजवळ तोंड नेऊन त्या बाईला म्हणाली, "परत यायचं तर मी आधीच ठरवून ठेवलंय, पोरी. जायचंच तेवढं राहिलंय."

व्हिसा आला. दोन आठवड्यांचा, हॉटेल होतं तेवढ्याच दिवसांचा. मास्तरांनी तो कागद उन्हात धरून बघितला आणि जणू त्यांनीच चिकटवल्यासारखे खूश झाले. निघायच्या आदल्या दिवशी मी ताईला पुन्हा म्हटलं, "युलिसाला कळव तरी. निरोप टाक."

"कळवलं तर येऊ नको म्हणेल. मग मला जाता येणार नाही."

"आणि न कळवता जाऊन करणार काय?"

"बघेन," ती म्हणाली. एवढंच.

विमानतळावर तिने टोपी काढून ट्रेमध्ये ठेवली, तपासनीसाने ती फिरवून बघितली, आणि मग ताई काचेमागे गेली. मी बाहेर बराच वेळ उभी होते. घरी येऊन दाराला कडी घातली आणि मोठ्याने रडले, कारण आता ऐकायला कुणी नव्हतं.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी दुकानात गिऱ्हाईकाला घागऱ्याचा घेर दाखवत होते, तर फोन वाजला. युलिसा. जुलैनंतर पहिल्यांदा.

"मावशी," ती कुजबुजत होती, "आई खाली उभी आहे."

"कुठे खाली?"

"समोरच्या फुटपाथवर. घागरा, शाल, टोपी, सगळं घालून. बेल वाजवत नाही. वर बघत पण नाही. नुसती उभी आहे."

"मग?"

"काल पण होती. मी खिडकीतून बघितलं आणि मला वाटलं, मला भास झाला. रात्रभर झोपले नाही. आज परत आहे." तिचा श्वास तुटत होता. "मावशी, मी काय करू?"

"काय करू म्हणजे? दार उघड!"

"तिला वर कशी आणू? वर एक खोली आहे. दुसऱ्या दोघींबरोबर राहते मी. म्हातारी तीन वर्षांपूर्वी वारली, आता मी जिने पुसते. मी तुम्हाला काही सांगितलं नाही. दाखवण्यासारखं काही नाहीये माझ्याकडे."

मला इतका राग आला, इतका, की हातातली टाचणी बोटात गेली. कुणाचा राग ते मला आजही सांगता येणार नाही.

"गधडे," मी ओरडले, "ती घर बघायला आलीय का? तिने वर्षभर बटाट्यांतून तुझी गल्ली शोधलीय. वर आणू नकोस तिला. तू खाली जा. जिना तर येतो ना पुसता? मग उतरता पण येईल!"

मग दार करकरलं. मग पावलं, आधी सावकाश, मग धडाधड, मजल्यामागून मजला. फोन तिच्या हातात तसाच होता. खालचं जड दार उघडल्याचा आवाज आला, रस्त्यावरून गाडी गेली, कुठेतरी कुत्रं भुंकलं. पावलं थांबली.

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. समोरचं गिऱ्हाईक घागरा हातात घेऊन ताटकळत होतं. माझं तोंड बघून त्या बाईने हळूच विचारलं, "काय झालं? कोण बोलतंय?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "दोघीही बोलत नाहीयेत." आणि मला रडू फुटलं.